क्रीडासंस्थांची अब्रू आणि समालोचकांची जीभ

खेळात हार-जीत ही असायचीच, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हरलेल्या संघाविषयी दुसऱ्या दिवशी जे बोलले आणि लिहिले जाते ते सोसण्याची रीत मात्र अद्याप पुरती रुजलेली नाही. मैदानावरील पराभव पचविणाऱ्या क्रीडासंस्था समालोचकाच्या एका वाक्याने अस्वस्थ होतात आणि मग वकिलाची नोटीस, भरपाईची मागणी, प्रसंगी फौजदारी फिर्याद असा मार्ग धरण्याचा मोह त्यांना पडतो. दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांच्यामुळे समालोचकाचा प्रत्येक शब्द क्षणात लाखो लोकांच्या कानी जात असल्याने हा मोह अधिकच बळावला आहे. तेव्हा क्लब, मंडळे आणि संघमालक यांनी आपल्या टीकाकारांना अब्रूनुकसानीच्या दाव्यात खेचावे काय, या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. मताबद्दल कोणीही, कधीही दावा लावू नये. खोट्या आणि नेमक्या आरोपाबद्दल, दुरुस्तीचे सर्व मार्ग खुंटल्यावर, ज्या व्यक्तीची अब्रू गेली तिने दिवाणी न्यायालयात जावे. धनाढ्य क्रीडासंस्थांनी मात्र स्वतःच्या नावाने न्यायालयाची पायरी चढू नये.

या संदर्भात युरोपातील एका खटल्याची कहाणी उद्बोधक आहे. सायकलशर्यतीतील उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात सापडलेल्या एका स्पॅनिश डॉक्टरशी रिअल माद्रिद आणि बार्सिलोना या फुटबॉल क्लबांचा संबंध होता, असा लेख फ्रान्समधील ‘ल माँद’ या दैनिकाने डिसेंबर २००६ मध्ये छापला. त्याच महिन्यात रिअल माद्रिदने पाठविलेला इन्कारही दैनिकाने प्रसिद्ध केला; पण तेवढ्याने क्लबचे समाधान झाले नाही. माद्रिदच्या न्यायालयाने २००९ मध्ये दैनिक आणि वार्ताहर यांनी क्लबला ३ लाख युरो व त्याच्या वैद्यकीय पथकातील एका सदस्याला ३० हजार युरो द्यावेत असा हुकूम केला आणि २०१४ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. या हुकुमाची फ्रान्समध्ये अंमलबजावणी करण्यास पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये नकार दिला आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे गेले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या न्यायालयाने सांगितले की, अशा हुकुमाच्या अंमलबजावणीमुळे वृत्तपत्रस्वातंत्र्याचा उघड भंग होत असेल तर ती अंमलबजावणी नाकारलीच पाहिजे. आणि हे ठरविताना प्रत्यक्ष हानी किती झाली व पैसे भरणाऱ्याची ऐपत किती, हेही पाहिले पाहिजे.

लेख २००६ चा आणि हा निकाल २०२४ चा! मधल्या काळात, २०१४ ते २०२४ या वर्षांत, रिअल माद्रिदने युरोपचे अजिंक्यपद सहा वेळा पटकावले. त्या लेखाने या क्लबचे प्रेक्षक पांगले नाहीत, खेळाडू पळाले नाहीत, पुरस्कर्ते आटले नाहीत. ज्याचा लौकिक दर आठवड्याला मैदानावर लाखो लोकांसमक्ष सिद्ध होतो, त्याला तो न्यायालयात सिद्ध करण्याची गरज का भासावी? उलट एका वार्ताहराच्या डोक्यावर मात्र लाखो युरोंचे ओझे वर्षानुवर्षे टांगून राहिले. तो लेख निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. स्पेनच्या न्यायालयांनी तो दोषी ठरविला आहे. दोष आणि शिक्षा यांचे प्रमाण काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

क्रीडासंस्थांची बाजूही पोकळ नाही आणि ती प्रामाणिकपणे मांडलीच पाहिजे. त्या म्हणतात की, पूर्वी समालोचक चेंडू कोठे गेला ते सांगत असे. आता तो खेळाडूच्या हेतूविषयी, कर्णधाराच्या निष्ठेविषयी आणि संघमालकाच्या हिशेबाविषयी बेधडक विधाने करतो. एक झेल सुटला की ‘काहीतरी शिजते आहे’ अशी कुजबूज सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत तिला पुराव्याची कळा येते. खुलासा निघतो तो चार दिवसांनी, आणि तो कोणी वाचत नाही. सामने आधीच विकले गेल्याचा संशय हे क्रीडाक्षेत्रातील सर्वांत घातक विष आहे. कारण खेळ खरा आहे या एकाच विश्वासावर प्रेक्षक तिकीट काढतो. हे सर्व आम्हांस मान्य आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशा समालोचकांची संख्या वाढली आहे हे कोण नाकारील? परंतु रोग खरा असला म्हणून वाटेल ते औषध योग्य ठरत नाही.

येथे प्रथम मत आणि आरोप यांतील भेद ओळखला पाहिजे. मुलाचा निबंध सुमार आहे असे गुरुजी म्हणाले तर तो अभिप्राय झाला; त्या मुलाने शेजाऱ्याची वही पाहून निबंध उतरविला असे म्हणाले तर तो आरोप झाला. पहिला कितीही कठोर, किंबहुना चुकीचा असला तरी त्याची दाद मागावयाची ती पुढचा निबंध उत्तम लिहून. दुसऱ्याला मात्र पुरावा हवा. ‘या क्लबने नवोदितांची निवड आंधळेपणाने केली’, ‘प्रशिक्षकाला डावपेच कळत नाहीत’, ‘खेळपट्टी दर्जाहीन होती’ ही सारी मते आहेत. ‘निवडीसाठी पैसे घेतले’ हा आरोप आहे. आपल्या कायद्यानेही हा भेद फार पूर्वीच मानला आहे. १८६० च्या दंडसंहितेतील अब्रूनुकसानीच्या कलमाला जे अपवाद होते, त्यांत जनतेच्या निर्णयासाठी सादर केलेल्या कृतीच्या गुणदोषांविषयी सद्भावनेने व्यक्त केलेले मत हा एक होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तो कायम आहे. रंगभूमीवर उभा राहणारा नट किंवा गायक आपली कला लोकांच्या निर्णयाधीन करतो, हे कायद्यातीलच उदाहरण आहे. नटाला आणि गायकाला जो न्याय, तो फलंदाजाला आणि त्याच्या क्लबला का नसावा?

दुसरा मुद्दा अब्रू कोणाची, हा आहे. माणसाला अब्रू असते, कारण त्याला घर असते, मुलेबाळे असतात, शेजार असतो. खोट्या आरोपाने त्याची झोप उडते आणि अन्न गोड लागेनासे होते. संस्थेची गोष्ट निराळी आहे. तिचा लौकिक गुणफलकावर आणि हिशेबाच्या वहीत असतो, आणि दोन्ही उघडे करून दाखविणे तिच्याच हाती असते. कायद्यात संस्थेलाही अब्रू मानली आहे हे खरे. पण इतरत्र याचा फेरविचार झाला आहे. ऑस्ट्रेलियात २००६ पासून सर्वसाधारण नफा कमावणाऱ्या कंपन्यांना अब्रूनुकसानीचा दावा लावताच येत नाही. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या छोट्या कंपन्या आणि नफ्यासाठी नसलेल्या संस्था यांना मात्र ती मुभा आहे. छोट्यांची ही सवलत आम्हांस रास्त वाटते. एखादी तालीम, एखादा कबड्डी संघ किंवा उपनगरातील हौशी क्रिकेट क्लब यांच्यापाशी ना ध्वनिक्षेपक असतो ना प्रसिद्धी खाते. त्यांच्यावर कोणी खोटे किटाळ आणले तर त्यांनी न्याय मागावा तरी कोठे?

मात्र सवलत द्यावयाची ती संस्थेचे बळ पाहून द्यावी, नोंदणीचा कागद पाहून नव्हे. आपले क्रिकेट नियामक मंडळ कागदोपत्री एक नोंदणीकृत सोसायटीच आहे. पण याच मंडळाने इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते असे स्पष्ट केले आहे. सार्वजनिक कार्य करणाऱ्याने सार्वजनिक टीकाही सोसली पाहिजे. ब्रिटनच्या उमराव सभेने १९९३ मध्ये डर्बीशर परगण्याच्या कौन्सिलला ‘टाइम्स’ विरुद्ध अब्रूनुकसानीचा दावा नाकारला, तो याच तत्त्वावर: लोकांच्या कारभाराची टीका मोकळी राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. सत्य हे पुष्कळदा उशिरा सिद्ध होते, आणि दावा मात्र लगेच लागतो. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्या विजयांमागे उत्तेजक द्रव्ये असावीत अशी शंका उपस्थित करणारा लेख लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आर्मस्ट्राँगने दावा लावला. वृत्तपत्राला २००६ मध्ये ३ लाख पौंड देऊन तडजोड करावी लागली. खर्च धरून सुमारे १० लाख पौंडांची झळ बसली. पुढे २०१२ मध्ये त्याची ‘टूर द फ्रान्स’ची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली. वृत्तपत्राने उलट दावा लावला आणि त्याच वर्षी तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. पैशाचा हिशेब मिटला. पण मधल्या वर्षांत ज्या संपादकांनी ‘हे आपल्याला परवडणारे नाही’ म्हणून असे लेख बाजूला ठेवले असतील, त्यांचा हिशेब कोणी मांडावयाचा? अब्रूनुकसानीच्या दाव्याचा खरा परिणाम निकालपत्रात दिसत नाही. न लिहिल्या गेलेल्या मजकुरात आणि न विचारल्या गेलेल्या प्रश्नात तो असतो, आणि त्याची किंमत प्रेक्षक मोजतो.

आपल्याकडचाच अनुभव पाहा. २०१३ च्या मे महिन्यात इंडियन प्रीमियर लीगमधील सट्टेबाजीचे आणि निश्चित केलेल्या षटकांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा मंडळाने स्वतःच नेमलेल्या चौकशी समितीने जुलैच्या अखेरीस संबंधितांना निर्दोष ठरविले. ही समितीच बेकायदेशीर आहे असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने लागलीच, ३० जुलै २०१३ रोजी दिला. पुढे न्यायमूर्ती मुद्गल समितीची चौकशी झाली आणि जुलै २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई व राजस्थान या दोन संघांच्या मालक-कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. समजा, २०१३ च्या त्या दोन महिन्यांत प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक समालोचकाला शंभर कोटींच्या नोटिसा गेल्या असत्या, तर त्या निर्दोषपणाच्या दाखल्यावर किती जणांनी बोट ठेवले असते?

वास्तविक समालोचकाला गप्प करण्यासाठी धनवान मंडळांना न्यायालयात जाण्याचीही गरज पडत नाही. मंडळाच्या प्रक्षेपणात संघनिवड, पंचांच्या निर्णयाचा फेरविचार आणि मंडळाचा कारभार यांविषयी बोलण्यावर बंधने आहेत असे दिसताच इयन चॅपेल यांनी २०१३ च्या भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेचे समालोचन नाकारले. २०१६ च्या लीगच्या तोंडावर हर्षा भोगले यांना जाहीर कारण न देता वगळण्यात आले. मार्च २०२० मध्ये संजय मांजरेकर यांची पाळी आली. एप्रिल २०२५ मध्ये ईडन गार्डन्सच्या खेळपट्टीवरील शेऱ्यांमुळे भोगले आणि सायमन डूल यांना तेथील सामन्यांवर नेमू नये, असे पत्र बंगालच्या क्रिकेट संघटनेने मंडळाला लिहिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. खेळपट्टीवरचा शेरासुद्धा जेथे सहन होत नाही, तेथे हाती अब्रूनुकसानीचे शस्त्रही द्यावयाचे काय? ज्या मुंबईच्या मैदानांवरून बॉबी तल्यारखान यांनी आकाशवाणीच्या बाल्यावस्थेत क्रिकेटचे धावते वर्णन लोकप्रिय केले, त्या मुंबईला तरी समालोचकाची परखड जीभ ही खेळाची शोभा आहे, हे पटवून देण्याची गरज नसावी.

मग खोट्या आरोपाने खरोखर पोळलेल्याने काय करावे? त्याला न्यायालयाचे दार खुले असलेच पाहिजे. न्यूझीलंडचा क्रिकेटपटू ख्रिस केर्न्स याने सामने निश्चित केले, असे ललित मोदी यांनी २०१० मध्ये जाहीरपणे म्हटले. आरोप नेमका होता, माणूस नेमका होता. तो सिद्ध करता न आल्यामुळे लंडनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये केर्न्सला ९० हजार पौंड भरपाई दिली. पुढे त्याच दाव्यातील साक्षीबद्दल केर्न्सवर खोट्या साक्षीचा खटला झाला आणि २०१५ मध्ये तो निर्दोष सुटला. जिंकलेला दावासुद्धा माणसाला किती वर्षे पुरतो, हे यावरून दिसते. आपल्याकडे महेंद्रसिंग धोनी यांनी २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात दाखल केलेल्या १०० कोटींच्या दाव्यात पुरावा नोंदविण्यास आरंभ करण्याचा आदेश ऑगस्ट २०२५ मध्ये निघाला. त्या दाव्याच्या गुणदोषांविषयी आम्ही अवाक्षर काढीत नाही. परंतु अकरा वर्षे हा काळ एखाद्या खेळाडूच्या उमेदीच्या साऱ्या कारकिर्दीएवढा आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रूढ केली नाही.

फौजदारी फिर्याद तर सर्वस्वी त्याज्य मानली पाहिजे. अब्रूनुकसानी हा गुन्हा ठेवणे घटनाबाह्य नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरविले आहे, आणि नव्या संहितेतही त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण कायद्यात शस्त्र आहे म्हणून ते उपसलेच पाहिजे असे नाही. या शस्त्राची धार मराठी वृत्तपत्रसृष्टीने फार पूर्वीच अनुभवली आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळासंबंधीच्या लिखाणावरून तेथील कारभारी बर्वे यांनी लावलेल्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या खटल्याची आठवण आपण अभिमानाने काढतो; परंतु त्याचा दुसरा धडा विसरतो. ज्या पत्रांच्या आधारे ते लिखाण झाले ती पत्रे बनावट ठरली होती. हेतू शुद्ध होता, तळमळ खरी होती, आणि तरीही आधार ढासळला. तुरुंगाच्या शिक्षेने बर्वे यांची कीर्ती वाढली नाही, हा धडा क्रीडासंस्थांनी घ्यावा. आणि शुद्ध हेतू हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हा धडा आमच्या व्यवसायाने घ्यावा.

कारण स्वातंत्र्य मागणाऱ्याने आपले घरही झाडून ठेवले पाहिजे. समालोचकाला जे दिसले ते त्याने दिसले म्हणून सांगावे, जे वाटले ते वाटले म्हणून सांगावे, आणि जे केवळ ऐकले ते शहानिशा होईपर्यंत मुळीच सांगू नये. झेल सुटला हे सत्य आहे. लक्ष नव्हते हे मत आहे. मुद्दाम सोडला हा आरोप आहे. या तीन वाक्यांतील अंतर ज्याला कळत नाही त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देऊ नये. चूक उघड झाली तर ती ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या आवाजात केली, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच आवाजात दुरुस्त करावी. पहिल्या पानावरच्या आरोपाची दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी छापणे म्हणजे दुरुस्तीची थट्टा होय.

क्रीडासंस्थांना आमचे सांगणे एवढेच की, टीका झाली की प्रथम वकिलाला बोलावण्याऐवजी आपले दप्तर तपासावे. मत असेल तर सोडून द्यावे. आरोप असेल तर चोवीस तासांत कागदपत्रांसह उत्तर प्रसिद्ध करावे आणि दुरुस्ती मागावी. ती न मिळाल्यास स्वतंत्र, निवृत्त न्यायाधीशासारख्या तटस्थ व्यक्तीपुढे दोन्ही बाजूंनी जावे. एवढे करूनही एखाद्या खेळाडूची, पंचाची किंवा खेळपट्टी राखणाऱ्या माळ्याची अब्रू खोटेपणाने गेलेली राहिली, तर त्या व्यक्तीला दिवाणी दाव्यासाठी संस्थेने खुशाल साह्य करावे. खेळपट्टी राखणाऱ्या त्या गरीब माणसाचा कैवार घेणे आणि मंडळाच्या अध्यक्षांचा अहंकार जपणे, या दोन गोष्टींतील फरक न्यायालयाप्रमाणे प्रेक्षकालाही कळतो. क्रिकेट असो वा कबड्डी, खेळ शेवटी त्या प्रेक्षकाचा आहे. तो उन्हात रांगेत उभा राहून तिकीट काढतो आणि त्याबदल्यात सामना खरा असावा व त्याचे वर्णनही खरे असावे एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करण्याची जबाबदारी मंडळांवर जितकी आहे, तितकीच समालोचकांवर आहे. आणि दोघांनीही ती न्यायाधीशावर ढकलू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.